घराला काढलेलं नाक

खोऱ्याचा जुना नकाशा काचेच्या टेबलावर पसरला की खालच्या दिव्याने आधी नदी उजळायची. तिच्या वळणाशी, उंच काठावर, तिळाएवढा काळा चौकोन होता. ते ताईचं घर. मागच्या दुरुस्तीत नकाशेकाराने ते स्वतःच्या हाताने काढलं होतं. त्या मापात कुणी खोल्या दाखवत नाही. तरी त्याने चौकोनाला एक बारीक कोपरा जोडला होता, कारण त्या खोलीत आई राहायची.

या वर्षी मोजणीदार सगळं खोरं पुन्हा मोजून आला. त्याच्या कागदावर वळण होतं, काठ होता. घर नव्हतं.

"तिथं माझ्या बहिणीचं घर आहे," नकाशेकार म्हणाला.

"माळरान आहे मोकळं. तिथंच तर दुर्बीण लावली मी."

"जेवून आलोय रे तिथं, गेल्याच महिन्यात."

"मग खरकटं तरी दिसायला हवं होतं," मोजणीदार हसला. "सावलीला झाडसुद्धा नव्हतं."

मोजणीत नाही ते नकाशावरून खरवडायचं, हा कचेरीचा नियम. साहेब भिंग घेऊन आले. "आणि घराला हे नाक कुणी काढलं?"

नकाशेकाराने दाराजवळचा फोन लावला. ताईचा आवाज आला आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

"बरं झालं केलास. अरे, परवा अंगणात एक माणूस दुर्बीण रोवून उभा होता. पाणी विचारलं, तर माझ्या आरपार बघत राहिला. बहिरा असेल बापडा."

"आई कशी आहे?"

"पलीकडच्या खोलीत पडलीय. तुझ्याच नावाचा जप. थांब जरा."

"काय झालं?"

"घूस लागली वाटतं. भिंतीत काहीतरी खरवडतंय."

त्याने मान वळवली.

साहेब टेबलावर वाकले होते. बोटांत पातं होतं.

फोनची तार ताणत त्याने जाऊन त्यांचं मनगट धरलं. चौकोन शाबूत होता. नाक तेवढं गेलं होतं. खरवडलेल्या शाईच्या भुकटीवर साहेबांनी सवयीने फुंकर मारली.

"थांबला बाई आवाज," ताई म्हणाली.

"ताई, आईला दे फोन."

"कुणाला?"

"पलीकडच्या खोलीत आहे म्हणालीस ना."

"पलीकडे कुठली खोली रे? भिंतीपलीकडे माळरानच आहे नुसतं. आत्ताच वारा सुटला तिकडे. काळी काळी धूळ उडतेय बघ."