उभा मनोरा, आडवी बाग

"हा मनोरा असा का गुदमरलाय?"

तिने दचकून मान वर केली. सभागृहाच्या खिडकीतून आलेल्या उन्हात तिथला प्रोजेक्टर सांभाळणारा तो उभा होता — हातात वायरचं भेंडोळं, नजर तिच्या लॅपटॉपवर. बागेच्या तिच्या पहिल्यावहिल्या स्वतंत्र आराखड्यावर! तासाभरात समितीसमोर तो मांडायचा होता. नापसंत झाला, तर काम दुसऱ्याच्या हाती जाणार होतं.

"बाग आडवी आहे, मनोरा उभा..." ती रडकुंडीला आली होती. "एक स्लाइड आडवी, एक उभी होतच नाहीये."

"एका फाइलीत नाहीच होत. मनोऱ्याची वेगळी उभी फाइल करा. मग बागेच्या चित्रातल्या छोट्या मनोऱ्याला तिची लिंक द्या. क्लिक केलं, की उघडेल." खुर्ची ओढून तो शेजारीच बसला. "फक्त दोन्ही फाइली एकाच फोल्डरमध्ये हव्यात हं. एक जरी मागे राहिली, तर बोंबललं सगळं!"

दोघांनी मिळून फाइली केल्या. माउसवर दोन-तीनदा बोटाला बोट लागलं. दोघांनीही ते लक्षात न आल्याचं छान नाटक केलं. मग तो पेनड्राइव्हवरून फाइली सभागृहाच्या कॉम्प्युटरवर चढवू लागला आणि ती केस बांधायला लागली.

सभेत बाग सगळ्यांना आवडली. तिने मनोऱ्यावर क्लिक केलं... फाइल सापडत नाही!

मागच्या खोलीतून तो पेनड्राइव्ह घेऊन कॉम्प्युटरकडे धावत सुटला — चारचौघांत, एका पायातली चप्पल वाटेतच टाकून. तोवर तिने डोळे मिटले आणि मनोऱ्याचा जिना तोंडीच चढायला घेतला... पायऱ्या, झरोके, वरचा वारा. डोळे उघडले तेव्हा पडद्यावर मनोरा ताठ उभा होता आणि अध्यक्षबाई मान डोलवत होत्या. काम तिलाच मिळालं.

रिकाम्या सभागृहात तो ओशाळून चप्पल शोधत होता.

"मला शहाणपण शिकवून स्वतः एकच फाइल चढवलीत?"

"तुम्ही... केस बांधत होतात." तो कानापर्यंत लाल झाला. "मी तिकडेच बघत राहिलो. आवडलात तुम्ही मला. झालं, सांगून टाकलं!"

तिला इतका आनंद झाला, की हसू आवरेना.

"आता दर महिन्याला काम दाखवायला यायचंय मला," ती म्हणाली. "फाइली कोण चढवणार?"

"मीच. पण... केस घरूनच बांधून या."

तिने हळूच केसांची क्लिप काढली आणि त्याच्या हातात दिली.

"धरा जरा," ती म्हणाली.