परत ओलांडलं नाही

पुष्पांजलीच्या डोळ्याला डोळा लागत नसे, तो एकाच काळजीनं. शिवमला चौथं लागलं होतं आणि पोरगं अजून बोलत नव्हतं. ऐकू येत होतं, समजत होतं, भाकर हवी तर बोट दाखवायचं. शब्द मात्र नाही. बुलडाण्याचे डॉक्टर म्हणाले, घाई करू नका. सासू म्हणाली, याचा बाप बी उशिरानंच बोलला. पुष्पांजलीला वाटायचं, दिवसभर घरात भुतं काढत बसणाऱ्या आईचं पोर बोलणार तरी काय?

"भुतं म्हंजे?" शेकोटीपाशी बसलेल्या भागवतनं विचारलं.

गोष्ट सांगणाऱ्या किसनरावांनी शेकोटीत कपाशीची वाळकी पऱ्हाटी सारली. हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं, विजेची लाईन मध्यरात्रीनंतर येणार होती, आणि तोवर वावरात बसून राहण्याशिवाय पोरांना काम नव्हतं.

"गेममधले जनावरं, बे. तू मोबाईलवर ठो-ठो करतं ना, ते कोणीतरी बसून काढते. पुण्याच्या कंपनीचं काम ती इथं जानेफळात बसून करते."

"काका, फेकून राह्यले तुमी."

"अबे, तिच्या सासऱ्याचा अन् माह्या वावराचा धुरा-बांध एकच हाय. आयकाचं असंन तं आयक."

गेल्या पौषातली गोष्ट. मंगळवारची रात्र. नवा गेम यायचा होता, त्याच्या जाहिरातीचा एक तुकडा सकाळपर्यंत पाठवायचा होता. अंधाऱ्या छावणीत एक बिनचेहऱ्याचं जनावर चार पायांवर येतं आणि झोपलेल्या शिपायाला ओलांडून जातं, एवढंच. जनावर तिनं झकास काढलं होतं. कातडीच्या सुरकुत्या, ओले खांदे, सगळं. चाल काही जमेना. पुण्याहून पुन्हा तेच उत्तर आलं: वजन दिसत नाही, तरंगतंय.

अशा वेळी गेमची चित्रं काढणारी ही मंडळी स्वतःच जनावर होतात. मोबाईल उभा करायचा, आपणच रांगायचं आणि त्या व्हिडिओवरून एकेक हालचाल उतरवून घ्यायची. नवरा रात्रपाळीला गेला होता. तिनं मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवला, अंगावर काळी शाल घेतली. शिपाई म्हणून आधी लोड ठेवला. पण लोड काही श्वास घेत नाही. त्याच्यावरून जाताना अंग आपोआप जपलं जात नाही.

भिंतीला लागलेल्या मोठ्या गादीवर मधोमध शिवम झोपला होता.

ती त्याच्यावरून गेली. एक हात, दुसरा हात, गुडघे. भिंतीच्या बाजूला उतरली आणि पायथ्याकडून निघून आली.

"काय करून राह्यली वं?"

दारात सासू, मनकर्णाबाई. पाण्याला उठल्या होत्या.

"काम करते, आई."

"लेकराले ओलांडलं तुनं! आता उलटी ये. जशी गेली तशीच वरून परत ये. नाही तं पोर खुंटते."

"सकाळी द्याचं हाय, आई. मंग येते उलटी."

"मंग येते म्हने! लेकरापेक्षा जनावराचीच घाई हाय तुले." बडबडत म्हातारी निजायला गेली.

पुष्पांजलीला हसू आलं. बोलत तर नाहीच, आता अजून काय खुंटणार? असं मनात आलं, आणि आल्याबरोबर तिची तिलाच लाज वाटली.

ती कम्प्युटरवर बसली. व्हिडिओ हळूहळू सरकवू लागली. हात टेकला, गादी दबली. हात उचलला, गादी वर आली. मग गुडघे. मग ती स्वतः पायथ्याकडून चित्राबाहेर गेली. तिनं बंद करायला बोट उचललं.

गादी पुन्हा दबली.

अलीकडे... मग पलीकडे.

शाल नव्हती. सावली नव्हती. फक्त गादी. एक हात... दुसरा... गुडघे. शेवटी भिंतीकडची कड दबली.

ती वर आलीच नाही.

वजन मात्र अगदी बरोबर दिसत होतं.

किसनराव थांबले.

पुष्पांजली उठली. उलटं यायचं, तर आधी तिकडं जायला हवं होतं. भिंतीपाशी. त्याच कडेवर. ती गेली. पायथ्याकडून... भिंतीला पाठ घासत. गुडघ्याखाली गादी थंडगार लागली. तिनं डोळे मिटले. एक हात. दुसरा. खाली पोराचा श्वास... आणि ती अलीकडे आली.

डोळे उघडले तर शिवम जागा होता. तिच्याकडे पाहत नव्हता. भिंतीकडे पाहत होता. त्याचे ओठ हलले.

"बोललं?" भागवत पुढं सरकला.

"बोललं. पह्यल्यांदाच. अन् साफ."

लाईन आली. खांबावरचा बल्ब लागला. मोटर चालू करायला कोणी उठलं नाही.

"'मम्मे, तू आली. ते तिकडंच राह्यलं.'"