बेकन, पिएरोगी आणि परका हात

"हात काढ! ए — आधी हात काढ तो!"

लिओना ओपिएला दोन्ही बगलांत बर्फाच्या पिशव्या धरून पळत सुटली होती. सेंट कासिमिरच्या चर्चमागच्या मैदानावर त्या शनिवारी भाजण्याच्या शर्यतीसाठी चौतीस स्मोकर — धुरावर मांस शिजवायचे झाकणाचे लोखंडी पिंप — धुरत होते. त्यांच्याभोवती साठ-सत्तर माणसं टोप्या मागे सरकवून उभी होती, आणि त्यांतल्या एकाचीही दुसऱ्याच्या स्मोकरचं झाकण उघडायची छाती नव्हती. दुसऱ्याच्या बायकोबरोबर पोल्का नाचलात तर टेक्ससच्या या कोपऱ्यात तासाभरात मिटतं. दुसऱ्याचं झाकण उघडलंत तर ते तुमच्या नातवंडांना ऐकून घ्यावं लागतं.

आणि हा कोण कुठला राखाडी टोपीवाला तिच्या बापाच्या स्मोकरचं झाकण सताड उघडून, आत कोपरापर्यंत हात घालून उभा!

बर्फाच्या पिशव्या धपकन गवतावर पडल्या. लिओनानं त्याला खांद्यानं ढकललं, झाकण आदळलं आणि खालच्या-वरच्या दोन्ही झडपा फिरवून बंद केल्या. आतला लाल उजेड फटीतून दोनदा जीभ दाखवून विझला.

"चरबी पेटली होती," तो माणूस म्हणाला. "वारा एकदम उत्तरेकडून आला ना, मॅडम... ज्वाळा वर चढल्या."

"मग झाकण लावून हवा तोडायची! उघडलं की हवा मिळते, हवा मिळाली की भडका. शाळेतल्या पोरांना कळतं हे."

"मी चौदा वाचवल्या."

बाजूच्या फळीवर खरंच चौदा पिएरोगी ओळीनं मांडलेल्या होत्या. बटाटा आणि ताजं चीज भरून उकडलेल्या करंज्याच म्हणा ना — फक्त प्रत्येकीच्या पोटाभोवती बेकनची पट्टी घट्ट गुंडाळलेली. लिओनानं पहाटे चोवीस केल्या होत्या.

"दहा जाळल्यास," ती म्हणाली.

"दहा वाऱ्यानं जाळल्या."

"वाऱ्याला हात असतात का? तुझं स्वतःचं झाकण कुठंय? थांब, मीही येते उघडायला!"

त्यानं शेजारच्या जागेकडे हनुवटी केली. तिथे चार विटांवर लोखंडी जाळी होती, खाली काटेरी मेस्किटच्या लाकडाचे निखारे, वर लावा पक्ष्यांची रांग. झाकण नावाची वस्तूच नव्हती.

"आम्ही उघड्यावर भाजतो," तो ओशाळून म्हणाला. "आग उसळली की आधी मांस उचलायचं. लहानपणापासून हात तसाच जातो... विचार करायच्या आत. एलिसेओ कांतू. नदीकडचा."

"नाव नाही विचारलं."

"तक्रार करायला लागेल ना, म्हणून सांगितलं."

तो हसला नाही, हे त्याचं नशीब. पण डाव्या गालात काहीतरी हललं, ते लिओनाला दिसलं, आणि तिचा राग आणखी एक पायरी वर चढला.

हा भडका ज्याला दिसायला नको होता, नेमका त्याच माणसाला तो दिसला. अलॉइसकाका कॉफीचा कागदी पेला सांभाळत आले, स्मोकरभोवती एक चक्कर मारली आणि बोटानं काजळी पुसून पाहिली. त्यांची पाहण्याची तऱ्हा गुरांच्या बाजारातल्या गिऱ्हाइकाची होती. जनावर आपलंच आहे, फक्त न्यायचं बाकी आहे, अशी.

"जळलं वाटतं, पोरी?"

"नाही जळलं."

"बरं, बरं. उद्या चर्चमधल्या प्रार्थनेनंतर येतो मी ओढून न्यायला. मागच्या चाकांत हवा भरून ठेव."

हा चाकांवरचा स्मोकर लिओनाच्या बापानं, फ्लोरियाननं, आणि या काकांनी मिळून एका जुन्या गॅसच्या टाकीपासून बनवला होता. काकांनी तेव्हा वेल्डिंगचं यंत्र आणलं होतं आणि पुढची तीस वर्षं खुर्ची. जानेवारीत फ्लोरियान गेला. दोन आठवड्यांपूर्वी चर्चच्या पायऱ्यांवर, सगळ्या पुरुषमंडळींसमोर काका म्हणाले होते, "बाईमाणसाला कशाला एवढं धूड? बरं, शर्यतीत लाव. तुझा डबा परीक्षकांच्या शेवटच्या टेबलावर, निवडक पाचांत, पोचला तर स्मोकर तुझा. नाही पोचला तर माझा." सगळे हसले होते. लिओनानं त्या हसणाऱ्यांची तोंडं एकेक करून लक्षात ठेवली होती.

शर्यतीत तिनं मुद्दाम पिएरोगी आणल्या. त्या गावात पिएरोगी बायका करतात, चर्चच्या हॉलच्या स्वयंपाकघरात. धूर पुरुष करतात, बाहेर. तिनं आतली वस्तू बाहेर आणली आणि दोन्हीकडची नाकं एकदम मुरडली.

"बाराला डबा द्यायचाय," काका जाता जाता म्हणाले. "बारा पाचनंतर घेत नाहीत, माहिती आहे ना?"

तिनं चौदा पिएरोगी परत आत लावल्या. काटा सव्वादोनशे फॅरनहाइटवर आणला. बापाचा नियम तोच होता: सव्वादोनशे, एक रेघही वर नाही, झाकण बंद, तोंडही बंद. बाप तिच्याकडून लाकडं फोडून घ्यायचा, राख काढून घ्यायचा. पण शिकवलं मात्र काही नाही. जे आलं ते तिनं त्याच्या पाठीमागून बघून उचललं होतं. आणि आता तो गेला, तर त्याच्यावर रागवायचीसुद्धा सोय राहिली नव्हती.

साडेअकराला तिनं झाकण बोटभर उघडलं. पिएरोगींना धुराचा सुंदर बदामी रंग चढला होता. बेकन मात्र... फिकट, लोंबतं, चिकट.

"ओल्या मोज्यासारखं," शेजारून आवाज आला.

"तुला विचारलं कुणी?"

"मी लाव्यांशी बोलतोय. म्हटलं, लाव्यांनो, सव्वादोनशेवर बेकन कधी कुरकुरीत होत नाही. शिजतं, पण खुलत नाही. त्याला शेवटी थेट आग लागते. पण आपण कशाला बोला, आपल्याला झाकण कुठंय."

सगळ्यात वाईट गोष्ट ही की माणूस बरोबर बोलत होता. चूक बोलणाऱ्यावर रागावणं सोपं असतं; बरोबर बोलणाऱ्यावर रागवायचं तर फार ताकद लागते.

मग तिनं ते केलं जे बापानं उभ्या आयुष्यात केलं नव्हतं. जळणाच्या भट्टीवरचं लोखंडी दार वर फेकलं, उघड्या ओकच्या निखाऱ्यांवर जाळी टाकली आणि म्हणाली, "तुझा चिमटा दे."

"चिमटा देतो. पण कधी उलटायचं ते कळायला—"

"मग उभा राहा इथं! मॅडम मॅडम करत सल्ले देतोस, हात चालव."

तो आला. पहिलीच पिएरोगी त्यानं उलटली तशी ती किंचाळली, "शिवण खाली नको! फुटेल. वर ठेव, वर!"

"असं?"

"असं काय असं? लहान मूल धरतात तसं धर."

"आणि तू पलीकडची उचल. आत्ता. आत्ता म्हणजे आत्ता, लिओना!"

नाव कुठून कळलं, हे विचारायला वेळ नव्हता. चरबी निखाऱ्यांवर पडत होती, ज्वाळा उठत होत्या. त्या उठायच्या क्षणभर आधी एलिसेओ ओठांतल्या ओठांत स्पॅनिशमधे आकडे मोजून म्हणायचा, "उचल." त्याला आग कळत होती, तिला पीठ. दोघांचे कोपर एकमेकांवर आपटत होते. एकदा तिनं त्याच्या बोटांकडे पाहिलं. दोन बोटांच्या टोकांना टपोरे फोड आले होते — सकाळचे.

"हे तेव्हाचं?"

"हं."

"सांगितलं का नाहीस?"

"तू ओरडत होतीस. मधे बोलणं बरं दिसत नाही."

"मूर्ख," ती म्हणाली, आणि ओल्या रुमालाची घडी त्याच्या बोटांवर दाबली. अगदी हलकेच... म्हणजे तिच्या मानानं हलकेच. तो ओय म्हणाला नाही, हेही तिला आवडलं नाही. माणसानं किती सोसावं याला काही मर्यादा हवी.

दोन फुटल्या. बारा राहिल्या. त्यांतल्या सहा निवडताना दोघं तीनदा भांडली. बेकन आता काचेसारखं वाजत होतं, आतला बटाटा लोण्यासारखा. बारा वाजून तीन मिनिटांनी लिओनानं एकतीस नंबरचा पांढरा डबा परीक्षकांच्या खिडकीत आदळला.

परत आली तर शेजारच्या जागेवर जळका वास. जाळीवर आठ काळे गोळे पडले होते.

"हे काय?"

"लावे," एलिसेओ म्हणाला. "होते."

"तुझाही डबा बारालाच होता?"

"एकच गट आहे ना. स्वयंपाक्याच्या पसंतीचा पदार्थ."

"मग गेला का नाहीस!" लिओनाचा आवाज असा चढला की तीन स्मोकरांपलीकडचे लोक वळले. "शेजारी तुझं जळतंय आणि तू माझ्या शिवणी सांभाळतोस? कोणी सांगितलं होतं? मी उपकार मागितले होते? आता मी आयुष्यभर हे डोक्यावर घेऊन फिरू?"

"नको फिरूस."

"मग का केलंस?"

त्यानं टोपी काढली, टोपीच्याच काठाकडे बघत राहिला. "सकाळी ती आग मलाच का दिसली, विचार ना. मैदानावर सत्तर माणसं होती."

"का?"

"कारण मी तिकडेच बघत होतो. पहाटे तू अंधारात लाकडं फोडत होतीस आणि प्रत्येक घावाला कुणाला तरी शिवी देत होतीस... तेव्हापासून. नावही शेजाऱ्याला विचारून घेतलं. लावे काय, पुढच्या वर्षी भाजीन."

लिओनाला तोडीस तोड उत्तर द्यायचं होतं. ती चिडून राख काढायला लागली, जिथे राख उरलीच नव्हती तिथली.

चार वाजता शेवटच्या टेबलाचे पाच नंबर पुकारले. चौथा एकतीस होता. पुढे बक्षीस मिळालं नाही, पण बक्षीस हवं होतं कुणाला?

अलॉइसकाकांनी मात्र खुर्ची आणून स्मोकरच्या लांब दांडीवर, जिथे ती ट्रकला जोडतात त्याच्या जरा मागे, ठाण मांडलं. खुर्ची नीट टेकेना म्हणून ती टाकून दिली आणि दांडीवरच बसले.

"त्या पोरानं मदत केली. हे धरत नाहीत."

"मैदानावर कोण एकटं भाजतंय, काका? तुम्ही माझ्या बापाबरोबर तीस वर्षं बसलात, ती मदतच ना?"

"ते वेगळं."

एलिसेओ पुढे सरसावला. "साहेब, मी सांगतो—"

"तू गप्प!" लिओना त्याच्यावर उखडली. "हे माझं आहे."

तिनं ट्रक उलटा घेतला, दांडीचं तोंड ट्रकमागच्या लोखंडी गोळ्यावर बसवलं, खीळ ठोकली, साखळी अडकवली. काका बसलेलेच. पायऱ्यांवर हसलेली सगळी तोंडं आता भोवती जमली होती, आणि त्यांतलं एकही हसत नव्हतं.

"उतरा, काका."

"नाही उतरत."

"मग धरून बसा."

ती ट्रकमध्ये चढली आणि इंजिन सुरू केलं. ट्रक हातभर पुढे गेला. काका बसून. आणखी हातभर. कॉफी काकांच्या पँटवर सांडली. तिसऱ्या हाताला फ्लोरियानचा जुना मित्र बेनेडिक्ट म्हणाला, "अलॉइस, शब्द दिला होतास. आम्ही सगळे होतो तिथं." काका उतरले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दोघातिघांनी टोप्या काढल्या, एवढंच. त्या मुलीसाठी की स्मोकरसाठी, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

लिओना कडेकडेनं निघाली आणि चार विटांपाशी थांबली. एलिसेओ जाळी घासत होता. तिनं काच खाली केली.

"बोटांना मलम लावलंस?"

"नाही."

"घरी आहे. घरापर्यंतचा रस्ता खराब आहे, मागं कुणीतरी स्मोकरवर लक्ष ठेवायला लागेल."

तो जाळी टाकून उठला. दार उघडता उघडता थांबला. "राग गेला?"

"नाही."

"कधी जाईल?"

"आमच्या घराण्यात टिकतो बराच." लिओना सरळ समोर रस्त्याकडे बघत होती, कान मात्र लाल झाले होते, आणि ते निखाऱ्यांमुळे म्हणायची सोय आता राहिली नव्हती. "काकांवरचा जन्मभर पुरेल. तुझ्यावरचा..."

"माझ्यावरचा?"

"बघ ना राहून," ती म्हणाली. "आणि दार ओढून घे. वारा येतोय."