दोन गाण्यांच्या मधली जागा

ही गोष्ट खरी आहे. माझ्या ताईच्या बाबतीत घडली, म्हणूनच मी ती इतक्या खात्रीने सांगते आहे.

ताईला तिखटमीठ लावून बोलता येत नाही. ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. कुणी म्हणालं "पाणी खराब आहे", तर ती विचारते, "खराब म्हणजे नक्की काय?" मावशीने लहानपणीच तिचं नाव 'मोजपट्टी' ठेवलं होतं. मोजपट्टी म्हणाली असं झालं, म्हणजे ते तसंच झालेलं असतं.

भुतं रात्री येतात म्हणे.

हे आलं ते रविवारी, भर दुपारी, जेवायच्या वेळी. मावशीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात. खिडकी उघडी होती आणि खाली कुणीतरी गाडी धूत होतं.

पण आधी काकांबद्दल सांगायला हवं. काका म्हणजे मावशीचे यजमान. माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांच्या समोर बसून जेवणं ही शिक्षा होती.

काका मचमच करत जेवत. तोंड उघडंच. घास या गालातून त्या गालात फिरे, ओला, पचपचीत. मग जिभेने कवळी उचलायची, तिच्याखाली अडकलेलं चोखून घ्यायचं आणि ती परत टाळूला बसवायची.

सुर्रर्र… टक्.

आम्ही दोघी बहिणी ताटात डोळे घालून जेवायचो. मान वर केली की घास दिसायचा.

टेबलाशेजारच्या कपाटावर चांगला मोठा स्टिरिओ होता. पण मावशीचा हात बटणाकडे गेला रे गेला, की काका भरल्या तोंडाने म्हणत, "जेवताना आवाज कशाला?"

त्यांचा स्वतःचा आवाज तेवढा चाले. मावशीने तो उभा जन्म ऐकला.

काका गेले तेही ताटावरच. हृदय बंद पडलं. तोंडातला घास गिळायचा राहिला. डॉक्टर येईपर्यंत मावशीनेच बोट घालून कवळी काढली, मग घास काढला. चावून चावून लगदा झालेला. अजून कोमट होता.

त्या दिवसापासून मावशीच्या घशाखाली अन्न उतरेना.

"शांत असलं की ऐकू येतं गं," ती ताईला म्हणाली. "घास तोंडात घेतला की वाटतं, हा माझा नाही. त्यांचा राहिलेला आहे."

तिचे गाल बसले. मनगटावरचं घड्याळ कोपराकडे सरकू लागलं. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल.

ताईने विचार केला तो अगदी सरळ. शांतता घास अडवते आहे ना? मग शांतता ठेवायचीच नाही.

मावशीला फोनवरची गाणी नको होती. "गाणं रंगात आलं की मध्येच कुणीतरी मेलं विमा विकायला येतं," ती म्हणायची. तिला तिचा स्टिरिओच हवा. आणि तो इतका जुना, की त्याला डिस्कच लागे.

ताईच्या घरी भाऊजींचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, एक जुना कॉम्प्युटर होता, डिस्क लिहिणारा. ताईने मावशीच्या आवडीची गाणी जमवली, डिस्कवर उतरवली, मावशीकडे नेऊन लावली. स्टिरिओ नुसता गरगरला आणि गप्प बसला.

भाऊजींना हसायला निमित्तच हवं असतं.

"अगं, तू त्याला फाइली वाढल्यास. फाइली कॉम्प्युटर खातो. त्या म्हाताऱ्याला गाणी गाणी म्हणून वाढावी लागतात."

"म्हणजे?"

"म्हणजे ऑडिओ डिस्क करायची. कॉम्प्युटर प्रत्येक गाणं उलगडून लिहितो, दोन गाण्यांच्या मध्ये दोन सेकंद मोकळे सोडतो. आणि शेवटी डिस्क बंद करायची. बंद केली की सुरुवातीला गाण्यांची यादी उमटते. ती नसली तर घरातल्या स्टिरिओला डिस्क रिकामीच दिसते."

ताईने ऑडिओ डिस्क केली. पण बंद केली नाही.

कारण त्याच संध्याकाळी मावशीचा फोन आला होता. "मोजपट्टी, अजून आठवतील तशी सांगते गं. थोडी जागा ठेव."

बंद केलेल्या डिस्कवर पुन्हा लिहिता येत नाही. म्हणून ताईने जागा ठेवली. मावशीला फक्त दाखवायला म्हणून ती डिस्क घेऊन गेली. म्हणाली, "वाजणार नाही हं आज. अजून उघडी आहे."

"बघ तरी लावून," मावशी म्हणाली.

ताईने लावली…

वाजली.

गाणं सुरू झालं, स्वच्छ. ताईच्या कपाळाला आठी पडली. वाजायला नको होती. पण समोर मावशीने घास घेतला, चावला आणि गिळला. मग दुसरा घेतला. खाता खाता तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती हसत होती. अशा वेळी स्टिरिओला कोण जाब विचारणार?

पुढचे काही दिवस मावशी पोटभर जेवली. आमची आई सगळ्या नातेवाइकांना सांगत सुटली.

मग तो रविवार आला. ताई गेली तेव्हा मावशी ताटापुढे बसली होती. गाणी चालू होती. ताट जसंच्या तसं.

"काय झालं गं?"

"दोन गाण्यांच्या मध्ये ऐक," मावशी म्हणाली.

ताई बसली. गाणं संपलं…

पच्.

पुढचं गाणं लागलं.

"धूळ असेल," ताई म्हणाली.

"धुळीला लाळ सुटते का?"

ते गाणंही संपलं. या वेळी ताई कान देऊन होती…

मच… पच… सुर्रर्र… टक्.

ताईने बटण दाबलं. डिस्कचा खण बाहेर आला. तिने डिस्क उचलली, आणि डिस्कबरोबर खणातून एक बारीक, चकचकीत तार ताणत वर आली. लांबली. लोंबली. तुटली.

लाळ.

वास आला. कवळी रात्रभर बुडवून ठेवलेल्या वाटीतल्या पाण्याचा. आंबूस, जुना, तोंडाच्या आतला वास. डिस्कच्या खाली काठाला पांढरट ओलसर असं काही चिकटलं होतं, भुईमुगाच्या दाण्याएवढं. ताईचं बोट त्याला लागलं.

ते कोमट होतं.

ताई बेसिनकडे धावली. तिच्या मागे मावशी शांतपणे म्हणाली, "हो. मीही आधी तेच केलं."

दुसरी कुणी असती तर तिने ती डिस्क खिडकीतून फेकली असती. ताईने ती प्लास्टिकच्या पिशवीत घातली, ते पांढरं एका बाटलीत खरवडून घेतलं आणि दोन्ही घरी आणलं.

कॉम्प्युटरने डिस्क वाचली. भाऊजी मागे उभे होते. "शेवटचं कुठलं टाकलंस? यात एक जास्त दिसतंय."

"मी नाही टाकलं."

"मग काय स्टिरिओने टाकलं?" ते हसले. हसता हसता थांबले. स्टिरिओ फक्त वाचतो. त्याला लिहिता येतच नाही. हे त्यांनीच तिला शिकवलं होतं.

ताईने ते शेवटचं लावलं. गाणं नव्हतं. नुसती मचमच होती, सलग, कानाला तोंड लावल्यासारखी जवळ. भाऊजी निघून गेले. ताई मात्र शेवटपर्यंत ऐकत राहिली, कारण ती एका गोष्टीची वाट बघत होती.

गिळण्याची.

तो आवाज आलाच नाही.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत तिने बाटलीतलं थोडंसं काचपट्टीवर घेतलं, निळा रंग टाकला, सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. कॉलेजात पहिल्याच वर्षी सगळे स्वतःच्या गालावरून काडी फिरवून बघतात, तेच दृश्य. गालाच्या आतल्या कातडीच्या पेशी. चपट्या, मध्ये एक ठिपका. काही सुटलेल्या, काही चावलेल्या अन्नाला चिकटलेल्या.

सुकलेल्या नव्हत्या. ताज्या होत्या.

ताईने काचपट्टी आचेवर धरून तिच्यावरचं सगळं जाळलं. त्या दिवशी डबा तसाच परत आणला.

"फोडून टाकते ती," तिने मावशीला फोनवर सांगितलं.

"खुळी आहेस का?" मावशी एवढ्या मोठ्याने क्वचितच बोलते. "फोडलीस तर ते जातील कुठे? आत आहेत तोवर आत आहेत."

"मावशी, डिस्कमध्ये माणूस नसतो."

"मग तू डबा का परत आणलास? तुझी आई सांगत होती."

ताईने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तूच म्हणाली होतीस ना, उघडी आहे म्हणून? मग बंद कर. एकदाची बंद करून टाक."

ताईलाही ते पटलं. पटायला कारण काहीच नव्हतं, पण दुसरं सुचतही नव्हतं. तिने डिस्क फडक्याने स्वच्छ केली, दिवसाउजेडी कॉम्प्युटरमध्ये घातली आणि बंद करायची आज्ञा दिली. ड्राइव्ह बराच वेळ फिरत राहिला…

आणि अगदी शेवटी, डिस्क थांबता थांबता, एक आवाज आला.

गट्.

घशाखाली काहीतरी उतरल्यासारखा.

ताईला वाटलं, सुटलो. घास गिळला गेला. बिचाऱ्यांचं तेवढंच राहिलं होतं.

पुढच्या रविवारी मावशीकडे दोघी जेवायला बसल्या. ताईने डिस्क लावली. गाणं झालं. मधले दोन सेकंद आले…

काही नाही.

दुसरं गाणं. पुन्हा मोकळी जागा. स्वच्छ, कोरडी. खालून गाडीवर पाणी मारल्याचा आवाज तेवढा येत होता. ताईने स्वतःच्या ताटातला पहिला घास घेतला. कित्येक दिवसांनी तिला चव लागली.

"बघ! झालं की नाही?" ती म्हणाली.

 मावशीने घास घेतला होता. तिने हात लांब केला आणि स्टिरिओ बंद केला.

"अगं, का?"

मावशीचं तोंड उघडंच होतं. आत घास या गालातून त्या गालात फिरत होता.

"जेवताना आवाज कशाला?" ती भरल्या तोंडाने म्हणाली.

आणि मग…

मच… पच… सुर्रर्र…

टक्.

मावशीला कवळी नाही. तिचे सगळे दात तिचे स्वतःचे आहेत.

ताई ताट तसंच टाकून उठली, डिस्क तेवढी काढून घेतली. घरी येऊन तिने ती डिस्क पुन्हा लावून बघितली. जास्तीचं ते शेवटचं आता नव्हतं. मावशीने सांगितलेली गाणी तेवढी होती, आणि मधल्या जागा रिकाम्या.

"दार लावताना बघायला हवं होतं," ती मला इतकंच म्हणाली. "माणूस आत होता की बाहेर."

मावशी आता उत्तम जेवते. गाल भरलेत. डॉक्टर खूश आहेत, नळीचा विषय निघत नाही. आमची आई अजून सगळ्यांना सांगते, ताईच्या गाण्यांनी बहिणीला जगवलं.

परवा मावशीचा मला फोन आला होता. जेवायला ये म्हणाली, फार दिवस झाले. मी हो म्हणाले. मग तिने फोन ठेवायच्या आधी जरासा वेळ गेला, दोनच सेकंद असतील. तेवढ्यात मला जे ऐकू आलं, ते मी ताईला अजून सांगितलेलं नाही.