लवादाचा ताळा

यामिनी परुळेकर मेघगृहात, धरणाचा कारभार चालवणाऱ्या संगणकांच्या इमारतीत, शिरली तेव्हा रघुवीर ढमढेरे आधीच येऊन बसला होता आणि तिच्यासाठी ठेवलेल्या खुर्चीवर त्याने आपला ओला रेनकोट टाकला होता. तिला पाहूनही तो त्याने उचलला नाही. यामिनीने तो जमिनीवर ढकलला आणि ती बसली.

खाली सोनखाडीच्या बाजारपेठेत पाणी शिरलं होतं. वर वाघजाई धरणाचे सगळे दरवाजे सताड उघडे होते आणि ते बंद करणं कोणाच्याच हातात उरलं नव्हतं.

धवला नदीवरून घाटावरचे आणि खाडीकडचे पिढ्यानपिढ्या भांडत आले होते. धरण तुंबलं की मागच्या फुगवट्याने घाटावरची गावं बुडायची; दरवाजे उघडले की सोनखाडी बुडायची. डोकी फुटली, पंपघरं जळली. अखेर दोन्ही बाजूंनी करार केला, की दरवाजांना माणसाने हात लावायचा नाही. धरणावरची हाताने फिरवायची चाकं काढून टाकली आणि हुकमाचा अधिकार ‘लवाद’ या यंत्राला दिला. घाटावरून धरणाची पातळी जाई, सोनखाडीहून नदीची. दोन पातळ्यांमधला फरक पाहून लवाद दरवाजे किती उघडायचे ते ठरवी. घाटाची पाणी परिषद ढमढेरे सांभाळत होता. सोनखाडीची गेल्या महिन्यापासून यामिनी.

आज सकाळी लवादाने दरवाजे पूर्ण उघडले आणि त्यानंतर तो गप्पच झाला.

“बंद पडलाय का?” यामिनीने विचारलं.

“नाही,” मेघगृहाचे मुख्य अभियंता फिरोज तांबोळी म्हणाले. “चालू आहे. त्याचं जाळं बंद आहे. कोणाचं ऐकू येत नाही, कोणाला हुकूम देता येत नाही.”

“मग तार जोडा ना!”

“कुठे जोडू, मॅडम? लवाद म्हणजे खोका नव्हे. या कपाटांमधल्या मोठ्या संगणकाचा तो एक तुकडा आहे, स्वतःला अख्खा संगणक समजणारा. आभासी यंत्र. त्याची जाळ्याची तारही आभासी. ती त्याने आतून मिटली की बाहेरून हात घालायला जागा नाही.”

“बंद करून पुन्हा चालू करा.”

“केलं. उठला, आकडे पाहिले, परत जाळं मिटून बसला. बिघडला असता तर दुरुस्त केला असता. हा रुसलाय.”

ढमढेरे हसला. यामिनीने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

“एक वाट आहे,” तांबोळी म्हणाले. “प्रत्येक आभासी यंत्राला आणखी एक तार दिलेली असते. सरळ तार. ती जाळ्यातून जात नाही. ज्या संगणकाच्या पोटात हे यंत्र राहतं, थेट त्याच्याशी जोडलेली. तिच्यावरून आवाज नाही, चित्र नाही. एकामागून एक अक्षर फक्त. घर आतून कडी लावून बंद असावं आणि आपण कौल काढून आत हाक मारावी, तसं. पण करारानुसार त्याला तुमच्या दोघांच्याही किल्ल्या लागतात. आणि ज्याने त्याने आपापलाच आकडा बदलायचा.”

यामिनीने आपली किल्ली टेबलावर ठेवली. ढमढेरेने खिसे चाचपले.

“माझी बहुधा गाडीत राहिली. आधी चहा मागवा, मग बघू.”

“गाडी सोनखाडीच्या माणसांकडून तपासून घेऊ का?” यामिनी म्हणाली. “बाहेर उभीच आहेत. त्यांची दुकानं पाण्यात आहेत.”

किल्ली शर्टाच्या खिशात निघाली.

दोन्ही किल्ल्या लावल्यावर टेबलावरच्या काळ्या पटलावर पांढरी अक्षरं उमटू लागली.

*जाळे मी मिटले आहे. दोन पातळ्यांचा ताळा लागत नाही. तफावत एक मीटर. चुकीचा हुकूम देण्यापेक्षा हुकूम देणार नाही.*

“बघा,” ढमढेरे म्हणाला. “मी म्हणत नव्हतो? ह्या सोनखाडीकरांच्यात पहिल्यापासून लबाडी आहे.”

तो एक मीटर यामिनीच्या ओळखीचा होता. पदभार घेतल्यावर तिला आढळलं होतं, की सोनखाडीचा मापक नदीच्या पातळीत गुपचूप एक मीटर मिळवून पाठवतो, दरवाजे कमी उघडावेत म्हणून. तिला लाज वाटली होती. ती वाढ तिने काल स्वतः काढून टाकली आणि रात्री समाधानाने झोपली.

आता तिला सगळं कळलं. घाटावरचेही एक मीटर मिळवत होते, दरवाजे जास्त उघडावेत म्हणून. दोन्हीकडे सारखीच वाढ. फरक मात्र बरोबर. दोन खोट्या आकड्यांवर लवाद इतकी वर्षं न्याय देत आला होता. तिने एक खोटं काढलं आणि लवादाला धरण काठोकाठ नि नदी रिकामी दिसली; त्याने दरवाजे उघडले, आणि सोडलेल्या पाण्याचा हिशेब जुळेना तेव्हा जाळं मिटलं.

“तुमचा मीटर काढा,” ती ढमढेरेला म्हणाली.

“कसला मीटर?”

“धरणाच्या पातळीतला. आमचा मी काल काढला.”

ढमढेरेने पाय लांब केले.

“समजा, असला. मी काढला आणि पुढच्या पावसात तुम्ही तुमचा परत घातलात, तर? माझी गावं जातील. मग काय तुमच्या शब्दावर विश्वास ठेवू? सोनखाडीच्या शब्दावर?” तो पुन्हा हसला. “आणि आत्ता पाणी कोणाच्या घरात आहे, बाई? मला कसलीच घाई नाही.”

यामिनीने कळफलक ओढला. *सोनखाडीचा आकडा खरा आहे.*

*घाटाचा?*

ढमढेरेने वाकून एका बोटाने टंकलं. *खरा.*

*दोन्ही खरे असू शकत नाहीत.*

“त्याला सांगता येणार नाही का, माझ्यावर विश्वास ठेव म्हणून?” तिने तांबोळींना विचारलं.

“त्याच्यापर्यंत अक्षरं पोचतात, मॅडम. माणूस पोचत नाही.”

तिचा फोन वाजला. सोनखाडीच्या नियंत्रण कक्षातून तिचा सहायक मंगेश बोलत होता. “दवाखान्याच्या पायऱ्या बुडाल्या, मॅडम. खाटा वरच्या मजल्यावर नेतोय. बाळंतिणी आहेत दोघी. लवकर काहीतरी करा!”

ढमढेरेला फोनवरचं सगळं ऐकू गेलं होतं. तो खिडकीकडे बघू लागला.

यामिनीने कळफलक पुन्हा पुढे ओढला. आपली किल्ली फिरवली आणि टंकलं. *सोनखाडीच्या मापकात यापुढे एक मीटर मिळवावा.*

*आधीचा आकडा चुकीचा होता का?*

तांबोळींनी मान खाली घातली. एवढं पाणी नाकापर्यंत येईस्तोवर कोणीच तिला खोटं बोलायला भाग पाडलं नव्हतं.

*हो.*

*ताळा लागला. जाळे सुरू करीत आहे.*

भिंतीवरचे पडदे एकदम उजळले. वाघजाईचा पहिला दरवाजा खाली सरकू लागला, मग दुसरा. ढमढेरेने फोन काढून काळ्या पटलाचा फोटो घेतला, नीट, कोपऱ्यासकट.

“सोनखाडीने चुकीचा आकडा दिला होता, हे आता लवादानेच नोंदवलंय. तुमच्या कबुलीसह,” तो म्हणाला. “करार पुन्हा मांडायला एवढं पुरेल.” त्याने जमिनीवरचा रेनकोट उचलून झटकला; पाणी तिच्या अंगावर उडालं.

“तुम्हाला माहीत आहे मी खरं बोलत होते.”

“मला माहीत आहे,” ढमढेरे म्हणाला. “म्हणून तर फोटो घेतला.”

तो गेला. यामिनी खुर्चीतच बसून राहिली. पडद्यावर दरवाजे एकेक करून बसत होते. फोन पुन्हा वाजला.

“उतरायला लागलं, मॅडम!” मंगेशचा आवाज फाटला होता. “लोक छपरांवर आहेत, विचारतायत पाणी नक्की किती आहे. भोंग्यावरून पातळी सांगायची आहे. मापकाची आमच्या कक्षाकडची तार तुटलीय, आकडा फक्त तुमच्याकडे दिसतोय. किती सांगू?”

समोरच्या पडद्यावर लवादाकडे जाणारा आकडा लुकलुकत होता. त्याच्या एक मीटर खाली खरी नदी होती. भोंग्यावरचा आकडा घाटावर पोचायला वेळ लागणार नव्हता, आणि तिथून लवादापर्यंतही; खरा सांगितला तर ताळा पुन्हा मोडला असता.

यामिनीने पडद्यावरचा आकडा वाचून सांगितला.