एकीचाच हप्ता

“माझी आई जिवंत आहे का, तेवढंच बघून सांगा.”

दिवाळी पाडव्याच्या दुपारी हा फोन आला, तेव्हा ठाण्यात निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. उपनिरीक्षक अपेक्षा औताडेने फराळाचा डबा बाजूला सारला. बोलणारी बाई बंगळुरूची होती. नाव स्वरदा. मागे तान्हं मूल रडत होतं.

“आई कुठं राहते तुमची?”

“गारखेड्यात, मामाकडं. सुलेखा नाव. बाबा गेल्यापासून त्याच्याकडंच असते. मामा-मामींना मूल नाही, मी त्या दोघांचीही लेक.”

“मग मामांना विचारा की.”

“दसऱ्याच्या आधी कालिंदीमामी गेली. माझे दिवस भरत आलेले, मला जाता आलं नाही. तेव्हापासून आई फोनच उचलत नाही. नुसते मेसेज येतात, भावाला एकटं सोडून येता येत नाही म्हणून. मॅडम, माझं बाळंतपण झालं. आई आली नाही. बाळाचा आवाजसुद्धा ऐकायचाय म्हणाली नाही.”

दुःखातली माणसं फोन टाळतात, हे अपेक्षाला ठाऊक होतं. लेकीचं बाळंतपण टाळणारी आई मात्र तिने पाहिली नव्हती.

तिने हवालदार पुंडलिकला हाक मारली.

गारखेड्यात एके काळी ज्वारी डोलायची. शहरातली माणसं हुरडा खायला तिकडे जायची आणि वाटेतल्या प्रत्येक घरी थांबून पाणी प्यायची. आता तिथे आठ-आठ मजले उभे आहेत, आणि समोरच्या दाराआड कोण राहतं ते कुणी सांगू शकत नाही. स्वरदाचे मामा हेमचंद्र सेलूकर जुन्या शहरातलं गुलमंडीचं बिऱ्हाड मोडून गेल्या उन्हाळ्यातच इथे आले होते.

दार त्यांनीच उघडलं. बँकेतून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले, अंगात इस्त्रीचा सदरा. कपाळावर ओलं कुंकू होतं आणि त्यात तांदळाचा एक दाणा चिकटला होता.

“देवळात गेलो होतो,” ते अपेक्षाची नजर ओळखून म्हणाले.

भिंतीवर कालिंदीबाईंचा फोटो होता. लग्नातला, शालूतला. त्याला चंदनाचा हार.

“सुलेखाताईंना भेटायचंय, काका. त्यांच्या मुलीला काळजी वाटतेय.”

“स्वरदा ना? हळवी आहे ती.” हेमचंद्रांनी आतल्या दाराकडे पाहिलं. “सुलूची दाढ सुजलीय. बोलवत नाही तिला. आत्ताच डोळा लागलाय.”

“औषध चालू आहे का?”

“आहे की. ह्या काय गोळ्या.”

टीपॉयवर अमॉक्सिसिलिनची पट्टी पडली होती. निम्मी रिकामी.

अपेक्षाने आतलं दार थोडं लोटलं. खोलीत पडदा ओढलेला होता. भिंतीकडे तोंड करून एक बाई निजली होती. पांढरे केस, फिकं लुगडं, उघडे हात. श्वास संथ चालला होता.

“जित्ती हाय मॅडम,” पुंडलिक पुटपुटला. “उठवायचं कशाला?”

हेमचंद्रांनी पाणी आणलं आणि न विचारता बोलायला लागले. माणूस भीती लपवायला बोलतो तसे.

“कालिंदीच्या दवाखान्याचं बिल अजून कंपनीकडे पडलंय. दर वर्षी हप्ता वाढवायचा आणि पैसे द्यायची वेळ आली की शंका काढायच्या. यंदा जीएसटी उतरला, तरी हप्ता चढलाच. ही लूट आहे, लूट. सरकारनं प्रत्येकाचा उपचार केला पाहिजे. सत्तरीपुढं मोफत उपचाराचं कार्ड देता, मग अडुसष्ट वर्षांच्या माणसानं काय घोडं मारलंय?”

“कार्ड हाय माझ्या बापाकडं,” पुंडलिक म्हणाला. “घेऊन गेलो, तर खाटच नाय म्हणले. पैसे मोजतो म्हणलं, तर दोन खाटा निघाल्या.”

“म्हणून काय कंपन्यांची घरं भरायची?”

“आता मी काय सांगू साहेब? मरताना ज्याची खाट त्याचं राज्य.”

“सुलूचंही हेच. सरकार करील तेव्हा करील, तोवर हप्ता भर, म्हणत होती. आमचं वाजायचं यावरून.”

“मग त्यांचा हप्ता भरला?” अपेक्षाने विचारलं.

हेमचंद्रांनी पेला खाली ठेवला. “तिचा वेगळा विमा होता. एप्रिलमध्ये बंद केला.”

“कुणी?”

“तिचे व्यवहार मीच बघतो.”

जीपमध्ये बसल्यावर अपेक्षाने बंगळुरूला फोन लावला.

“घरात एक बाई झोपल्या होत्या. दाढदुखी आहे म्हणे. गोळ्या चालू आहेत.”

“कुठल्या गोळ्या?”

अपेक्षाने नाव सांगितलं.

“शक्य नाही,” स्वरदा म्हणाली. “आईला पेनिसिलीनच्या जातीचं काहीच चालत नाही. लहानपणी एका इंजेक्शननं घसा सुजून श्वास कोंडला होता तिचा. तेव्हा मामाच अनवाणी धावत डॉक्टरांना परत घेऊन आला. आजी प्रत्येक दिवाळीला ही गोष्ट सांगायची. मामा असल्या गोळ्या घरात आणणारच नाही.”

गुलमंडीवरचे ते डॉक्टर कधीच गेले. सायकलवरून घरोघर फिरणारे, कुणाला काय सोसतं ते तोंडपाठ ठेवणारे. त्यांना कुणाचं कार्ड बघावं लागत नसे. उंबऱ्यातूनच ते माणसाला नावाने हाक मारत.

“तुमच्या मामी कुठल्या दवाखान्यात गेल्या?” अपेक्षाने विचारलं.

तो खाजगी दवाखाना जवळच होता. कालिंदीबाईंवर देखरेख करणारी नर्स, मोनिका, नेमकी कामावर होती.

“न्यूमोनिया होता. सुधारत होत्या. इंजेक्शन दिलं आणि अचानक सगळं बिघडलं.”

“कसलं इंजेक्शन?”

“पेनिसिलीनच्याच गटातलं.”

“आधी थोडं टोचून बघत नाही?”

“बघतो. पण दोन वर्षांपूर्वी त्या इथंच होत्या, तेव्हा हेच औषध सोसलं होतं. तरी मी मिस्टरांना विचारलं, कशाची ॲलर्जी आहे का? ते म्हणाले, नाही.”

“लगेच?”

मोनिकाने आठवून पाहिलं. “नाही. आधी त्यांनी पेशंटकडं बघितलं. मग म्हणाले.”

“आणि पेशंट?”

“हात हलवत होत्या, नको नको म्हणून. इंजेक्शनला सगळेच नको म्हणतात हो मॅडम. ताप डोक्यात गेला होता बिचारीच्या. नवऱ्याकडं बघून ‘दादा, दादा’ करत होत्या.”

पुंडलिकने टोपी काढली आणि हातात धरून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं पुन्हा गारखेड्यात गेली. सोबत महिला शिपाई होती. हेमचंद्रांनी दार उघडलं. आज त्यांचं कपाळ कोरं होतं.

“आज भाऊबीज,” अपेक्षा म्हणाली. “बहीण घरात आहे. ओवाळलं नाही?”

“आमच्या घरात माणूस गेलंय, बाई.”

“मग काल कुणी ओवाळलं? देवळातलं कुंकू कोरडं असतं, फार तर अष्टगंध लावतात. ओलं कुंकू आणि वर अक्षता, हे ताटातलं असतं. पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते. तुमच्या बायकोला तर हार घातलाय.”

त्यांचा हात कपाळाकडे गेला.

“मी सांगते, चुकलं तर थांबवा. सुलेखाताईंचा विमा तुम्ही एप्रिलमध्ये बंद केलात. सरकारी कार्डाला त्यांना दोन वर्षं कमी होती. न्यूमोनिया झाला, दवाखान्यानं विमा विचारला, तुम्ही बायकोचं कार्ड पुढं केलंत. दोघी एका वयाच्या, दोघींचे केस पांढरे. कुणी चेहरा पाहिला नाही. सुलेखाताई कालिंदी म्हणून खाटेवर पडल्या. कालिंदीबाईंना जे औषध सोसलं होतं, तेच त्यांना दिलं.”

“त्यांनी विचारलं नाही नीट.”

“विचारलं. तुम्ही नाही म्हणालात.”

“साठ वर्षांपूर्वीची गोष्ट होती ती,” हेमचंद्र घाईने म्हणाले. “वाटलं, गेलं असेल आता. दोन वर्षांपूर्वी चाललं म्हणून त्यांच्याकडे लिहिलेलं. मी उलटं सांगितलं असतं, तर त्यांनी खोदून विचारलं असतं. सगळं उघडं पडलं असतं. मग तिला तिथून उचलून कुठं नेली असती मी?”

“सरकारी दवाखान्यात.”

“जमिनीवर झोपवायला?”

“जित्ती तर ऱ्हायली असती,” पुंडलिक म्हणाला. “काल म्हणत व्हता ना साहेब, सरकारनं केलं पाह्यजे. सोताच्या बहिणीला न्यायची वेळ आली, तवा लाज वाटली व्हय?”

हेमचंद्र त्याच्याकडे न बघता अपेक्षाला म्हणाले, “मीच तिला बजावलं होतं, नाव विचारलं तर कालिंदी सांग. शेवटपर्यंत तिनं दुसरं नाव सांगितलं नाही.”

आतलं दार उघडलं. पांढऱ्या केसांची बाई बाहेर आली. गळा मोकळा, कपाळ मोकळं, गाल सुजलेला.

“तुम्ही कालिंदीबाई,” अपेक्षा म्हणाली.

बाईंनी मान डोलावली. “त्या दिवशी मी घरी होते. फोनवर म्हटलं यांना, इंजेक्शनचं सांगून ठेवा. हो म्हणाले.” त्या नवऱ्याकडे वळल्या नाहीत. “मग मला म्हणाले, आता तू सुलू. मंगळसूत्र काढ. महिना झाला, मी माझ्याच फोटोला हार घालते. काल सणाचं राहवलं नाही, पडदे ओढून यांना ओवाळलं. आज हे म्हणाले, भाऊबीजेचंही ताट कर, समोरच्यांना दिसू दे. ते मात्र मला जमलं नाही.”

“आधीच का नाही बोललात? स्वरदाला तरी?”

“एप्रिलमध्ये म्हणाले होते, तिघांचं झेपत नाही, तुम्हा दोघींतल्या एकीचाच हप्ता होईल. मी गप्प बसले. विम्यात आपलं नाव राहतंय, हे कळूनच गप्प बसले.”

हेमचंद्रांनी चपला शोधल्या. सापडेनात, तेव्हा पुंडलिकने त्या दाराआडून काढून त्यांच्या पायाशी ठेवल्या. फसवणूक आणि हलगर्जीपणाने मृत्यू, अपेक्षाने अटकेचं कारण सांगितलं. त्यांनी ते हप्त्याची रक्कम ऐकावी तसं ऐकलं.

तेवढ्यात आतल्या खोलीत सुलेखाचा फोन वाजायला लागला. वाजून थांबला. पुन्हा वाजला.

“रोज करते ती या वेळी,” कालिंदीबाई म्हणाल्या. “बाळाची अंघोळ झाली की.”

“मी बोलू का?” अपेक्षाने विचारलं.

“नको. तिला मीच वाढवलीय अर्धी.”

त्यांनी फोन आणला. हेमचंद्र दारात थबकले, महिला शिपायाने त्यांना पुढे नेलं. कालिंदीबाईंनी फोन कानाला लावला. पलीकडून “आई?” असा आवाज बाहेरपर्यंत ऐकू आला.

“स्वरदा,” त्या म्हणाल्या, “मी मामी बोलतेय.”