चूलबंद आवतन

घर सोडतो हे घरमालकिणीला सांगायचं, एवढंच काम होतं. पण उकंडरावांना त्यासाठी आठ दिवस लागले.

एकतीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस. भरल्या गाडीत एका पायावर उभं राहून चिखली ते बुलढाणा साठ जणांना तिकिटं देणारा. पण केसरबाईंसमोर गेलं की जीभ टाळूला चिकटायची. बावीस वर्षं ज्यांच्या सावलीत काढली, त्यांना कोणत्या तोंडानं सांगायचं? शेवटी रविवारी सकाळी बायकोनं, रुखमाबाईनं, पेढ्यांचा पुडा त्यांच्या हातात कोंबला.

"चाला. तुमच्यानं होत नसन तर मी बोलतो."

केसरबाई अंगणात डाळ पाखडत होत्या. वय ऐंशीच्या घरात, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. त्यांचा नवरा गल्लीत कोणी पाहिला नव्हता, आणि विचारायची कोणाची छाती नव्हती.

"मावशी, मेहकर रोडले घर घेतलं आम्ही," उकंडराव म्हणाले. "पुढच्या महिन्यात खोल्या खाली करतो. महिनाभर आधी सांगा लागते, म्हणून..."

केसरबाईंनी सूप खाली ठेवलं. मग म्हातारी खळखळून हसली.

"अवं, मंग तोंड असं काऊन केलं? मले वाटलं कोणी मेलं!"

तिघंही हसले. पेढे वाटले गेले. केसरबाईंनी एक पेढा खाल्ला आणि एक बाजूला काढून ठेवला.

केसरबाईंच्या घराच्या मागच्या अंगाला तीन खोल्या होत्या. दोन उकंडरावांकडे होत्या. तिसरीला पितळी कुलूप. भाड्यानं देतानाच केसरबाईंनी सांगितलं होतं, "ते दार माझं. त्याच्यासमोर चपला काढू नका." दारापाशी पाण्याचा एक ग्लास सदा भरलेला असे. मांजरासाठी असेल, असं उकंडरावांनी पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं आणि पुढं बावीस वर्षं त्यावर विचार केला नाही. खोलीतून कधी उंदराचाही आवाज आला नाही.

रुखमाबाईला मात्र ते दार डोळ्यांत खुपायचं. त्यांची एकुलती एक लेक राखी पहिल्या बाळंतपणाला आली, तेव्हा तिची खाट स्वयंपाकघरात टाकावी लागली होती. इकडं फोडणी, तिकडं ओली बाळंतीण, आणि भिंतीपलीकडं अख्खी खोली रिकामी. धुरानं खोकणाऱ्या लेकीच्या पाठीवरून हात फिरवताना रुखमाबाई म्हणाली होती, "जिथं समदी दारं माह्या हातानं उघडतीन, अशा घरात तुले एक दिवस निजवीन."

ते घर आता मिळालं होतं. तीन खोल्या, मागं कढीपत्त्याचं झाड. खरेदी झाली त्या दिवशी रुखमाबाईनं प्रत्येक दार दहा दहा वेळा उघडलं आणि लावलं. उकंडराव म्हणाले, "बिजागरी झिजन बापा." ती म्हणाली, "झिजू द्या. आपलीच हाय." तिसरी खोली राखीची. तिथं नवी लाकडी खाट आली, फुलाफुलांची चादर आली.

सामान हलवलं, आणि दोन दिवसांनी जुन्या गल्लीला जेवायला बोलवायचं ठरलं. रुखमाबाई हळदीच्या अक्षता घेऊन दारोदार फिरली. साधं नाही, चूलबंद आवतन. म्हणजे त्या दिवशी त्या घरची चूल पेटवायची नाही. लहानथोर, आलागेला, सगळ्यांनी यायचं. मागं कोणी राहिलं तर बोलावणाऱ्याचा अपमान.

केसरबाईंच्या हातावर अक्षता ठेवताना तिनं तेच सांगितलं. "चूलबंद हाय मावशी. घरातलं एकही माणूस मागं राह्यलं नाही पाह्यजे."

केसरबाईंची मूठ मिटता मिटता थांबली.

"मी एकटीच न व माय."

"तुम्ही म्हणजे तुमचं समदं घर!" रुखमाबाई आनंदात म्हणाली.

म्हातारीनं त्या अक्षता मुठीत घट्ट धरल्या. मग हळूच म्हणाली, "शब्द देल्ला तू, रुखमा. इतक्या वर्सांत असं कोणीच बोलावलं नव्हतं." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. रुखमाबाईच्याही आलं. दोघींनी एकमेकींना पोटाशी धरलं.

रविवारी गल्लीतल्या शालिग्रामची मिनीबस ठरली. एरवी ती शाळेची मुलं नेई. उकंडराव ठेवणीतली टोपी घालून दाराशी उभे राहिले.

"तिकीट फाडा, कंडक्टरसायेब!" सुभद्राबाई ओरडल्या. "म्हातारीले अर्धं का पुरं?"

"तुमच्या वजनाले दोन लागतीन," उकंडराव म्हणाले, आणि बस हसण्यानं हलली.

त्यांनी सवयीनं डोकी मोजली. मांडीवरच्या पोरांसकट अठरा. केसरबाई सगळ्यांच्या शेवटी आल्या, त्या एकोणीस. चढल्यावर त्यांनी दार लगेच लावू दिलं नाही.

"थांब रे बाबा, एक घडी," त्या शालिग्रामला म्हणाल्या. मग आपणच म्हणाल्या, "हं. चाल आता."

त्या आतल्या बाजूला बसल्या. खिडकीची जागा रिकामी राहिली.

"सरका न मावशी, मी बसतो," सुभद्राबाई म्हणाल्या.

"राहू दे व. तिथं नको."

उकंडरावांनी पत्र्यावर दोनदा थाप मारली. ती त्यांची डबल बेल. बायकांनी गाणं धरलं. बस कुठंही न थांबता नव्या घरी पोचली. ते खाली उभे राहून उतरणाऱ्यांना मोजू लागले, आणि आकडा वीस आला.

"शालिग्राम, मधात कोणी चढलं काय?"

"बस कुठं थांबली गा काका? म्हातारपण आलं तुमाले."

उकंडराव हसले. एकतीस वर्षांत त्यांचा आकडा एकदाही चुकला नव्हता. तपासनीस त्यांच्या गाडीत चढायचे ते गप्पा मारायला. पण आजचा दिवस निराळा होता. आनंदात माणूस चुकतो.

पंगत बसली. वरण-बट्टी, तुपाची धार, मसाल्याची वांगी. रुखमाबाई पदर खोचून वाढत होती. "घ्या व, अजून एक घ्या, माह्या घरचं हाय!" माह्या घरचं, हे ती दर दोन वाक्यांनी म्हणत होती आणि दर वेळी लाजत होती. उकंडरावांना वाटलं, एवढी देखणी ती लग्नातही दिसली नव्हती.

आपण आणि शालिग्राम सोडून त्यांनी पंगतीतली डोकी मोजली. वीस.

मग त्यांनी नावं घेऊन मोजलं. एकेका तोंडाकडं पाहत, मनातल्या मनात नाव घेत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एकोणीस.

पुन्हा डोकी मोजली. वीस.

ज्या तोंडाकडं पाहावं, ते ओळखीचं होतं. प्रत्येकाला नाव होतं. तरी डोकी वीस, नावं एकोणीस. उकंडरावांनी हातातला घास खाली ठेवला. त्यांनी बाजूला बसलेल्या केसरबाईंकडं पाहिलं. त्या पोटभर जेवत होत्या, पोरीसारख्या हसत होत्या.

"काय मोजता उकंडराव?" त्या म्हणाल्या. "जेवू द्या न लोकायले."

चारच्या सुमारास मंडळी निघाली. उकंडराव बसच्या दाराशी उभे राहिले आणि एकेका डोक्याला बोट लावल्यासारखं करून त्यांनी मोजलं. सतरा. अठरा. केसरबाई एकोणीस.

दार लागलं. त्यांचा जीव भांड्यात पडला.

केसरबाई आता खिडकीशी बसल्या होत्या. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि उकंडरावांच्या हातात काहीतरी जड ठेवलं.

"हे राहू द्या तुमच्यापाशी. मले आता नाही लागत."

पितळी कुलूप होतं. किल्ली त्यालाच अडकवलेली.

"सुखानं राहा बापा," म्हातारी म्हणाली. तिचं कपाळ मोकळं होतं. कुंकू कधी पुसलं, त्यांनी पाहिलं नव्हतं.

बस गेली. उकंडराव घरात आले. रुखमाबाई गुणगुणत दारं उघडत चालली होती. वारा खेळू दे म्हणून. पहिलं उघडलं. दुसरं उघडलं.

तिसरं लागलेलं होतं.

तिनं ढकललं. हललं नाही. आतून कडी होती.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. राखीचा होता.

"आई, सुट्ट्या लागल्या का येतो लेकरायले घेऊन. माही खोली ठेवली न?"

रुखमाबाईनं दाराकडं पाहिलं. मग नवऱ्याच्या हातातल्या कुलपाकडं.

"ठेवली व माय," ती म्हणाली.

तिनं फोन ठेवला. मग खाली वाकली, दारासमोर काढलेल्या आपल्या चपला उचलल्या आणि दुसरीकडं नेऊन ठेवल्या. स्वयंपाकघरात गेली. पाण्याचा ग्लास काठोकाठ भरून आणला आणि उंबऱ्यापाशी ठेवला.

"आवतन आपलंच व्हतं," ती हळूच म्हणाली.

आत कोणीतरी राखीची खाट सावकाश ओढून खिडकीपाशी नेली.